लाईन चांगली होती

"काका, रूटर बंद करून परत चालू केलंत का?" कोले मॅडमनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"तीनदा."

"पासवर्ड?"

"पुसला, पुन्हा घातला. फोनवर तोच चालतोय. टीव्हीवर चालतोय. फक्त ह्या लॅपटॉपवर नाही."

"मग मला कशाला बोलावलंत? परीक्षा घ्यायला?"

"मॅडम, मी तांब्याच्या तारेतला माणूस. हे हवेतलं तुम्ही बघा."

त्या हसत आत आल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. कोले मॅडम आमच्या शेजारी राहतात, इथल्याच हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवतात. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, जयसिंगपूरची. माझी बायको सुलोचना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. रविवारी तिचं पहिलं पुण्यस्मरण होतं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजा आणि मग घरी जेवण. त्यासाठी मला तिचा एक फोटो पाहिजे होता. घरात दोनच होते. एक आमच्या लग्नातला, त्यात ती मान खाली घालून उभी आहे. दुसरा आधार कार्डावरचा, तो आधार कार्डावर सगळ्यांचा येतो तसा.

चांगले फोटो ह्या लॅपटॉपवर होते. पद्मजा, आमची मुलगी, बंगळूरला असते. आईला मोठ्या पडद्यावर नातू दिसावा म्हणून तिनं तो घेऊन दिला होता. सुलोचनाच्या फोनमधले फोटो आपोआप नेटवर जाऊन साठायचे आणि ती संध्याकाळी जेवणं आटोपली की मला ते लॅपटॉपवर दाखवत बसायची. तिचा फोन ती गेल्यावर पद्मा घेऊन गेली. आठवण म्हणून, असं म्हणाली. फोटो पाठव म्हटलं तर तिनं दोन पाठवले, दोन्ही कुणाच्या तरी लग्नातले, गर्दीतले. "आणखी शोधते," म्हणाली. लॅपटॉपचं विचारलं तर म्हणाली, "अण्णा, जुना झालाय तो. राहू दे. मी आल्यावर बघते."

फ्रेमवाल्याला फोटो गुरुवारपर्यंत द्यायचा होता. तो दिवस मंगळवार होता.

लॅपटॉप बिघडलाय हे मला आधीपासून माहीत होतं. सुलोचना जाण्याच्या तीन-चार महिने आधी तिनंच तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला होता. मी म्हटलं होतं, "आण, बघतो." तर अंगावर आली. "प्रत्येक गोष्ट उघडून बघायलाच पाहिजे का तुम्हाला?"

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाईनमन होतो. आमच्या कामात एक शिस्त होती. फोन बंद पडला की घरातला माणूस आधी फोनचं डबडं आपटतो. लाईनमन तसं करत नाही. तो खांबापासून सुरू करतो आणि एकेक जोड तपासत घरात येतो. जिथपर्यंत आवाज येतो तिथपर्यंत दोष नाही. त्या दिवशी सकाळी मी तेच केलं होतं. खांबावरची पेटी बघितली, केबल कुठं दुमडलीय का ते हातानं चाचपत आलो, रूटरचे दिवे बघितले. सगळं ठीक. लॅपटॉप म्हणायचा, जोडलंय, पण इंटरनेट नाही.

मॅडमनी घरून स्वतःचा लॅपटॉप आणून माझ्या टेबलावर ठेवला. एका दमात लागला.

"म्हणजे दोष तुमच्या लॅपटॉपमध्येच आहे," त्या म्हणाल्या. "आतलं वायफायचं कार्ड गेलं असणार. मुजावरकडे न्या. उघडून बघेल."

मी सायकलच्या हँडलला पिशवी लावली आणि मुजावरच्या दुकानात गेलो. तो फोन आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं लॅपटॉप उघडला, आपल्या दुकानाचा पासवर्ड घातला, आणि लगेच एक कुस्ती लावून दाखवली. पैलवान एकदासुद्धा अडखळला नाही.

"काका, ह्याला काय झालंय? माझ्यापेक्षा फास्ट आहे हा."

"घरी लागत नाही."

"इथं तर लागतोय. फोटो बघायचे होते म्हणालात ना? बघून घ्या इथंच."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्या गर्दीत मला तिचे फोटो उघडायचे नव्हते. "घरीच बघतो," म्हटलं.

"काकूंचं वर्ष ना रविवारी?" मुजावरनं विचारलं. "चार महिने एकाशन केलं होतं त्यांनी. तुम्ही सांगितलं होतं मला. माझ्या घरात अजून बोलतात. आमच्या रोज्यांचा महिना आम्हाला एवढा वाटतो, आणि काकू चार महिने!"

हो, मीच सांगितलं होतं. सगळ्यांना सांगितलं होतं. चातुर्मासात एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. त्या वर्षी जुलैअखेर पंधरा दिवस बंगळूरला नातवाकडे राहून आली आणि आल्या आल्या म्हणाली, मी एकाशन धरलंय. मी तसा देवाधर्मातला माणूस नाही. पण बायकोनं चार महिने व्रत धरलं म्हटल्यावर छाती फुगली. दुधवाल्याला सांगितलं, जुन्या खात्यातल्या मित्रांना सांगितलं. एकदाच जेवते म्हणून तिच्या ताटात मी दुप्पट वाढायचो. ती म्हणायची, तुम्ही बसू नका समोर, मला संकोच होतो. ब्लाउज ढगळ झाले तर मी म्हणायचो, व्रताचं तेज आलंय. शेवटी बस्तीतल्या बायकांनी तिचा सत्कार ठरवला तेव्हा मात्र ती नाहीच म्हणाली. मी भांडलो. "मान घेता येत नाही तुला," म्हटलं. ती गेलीच नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी ती न्हाणीत पडली. मिरजेला दवाखान्यात नेलं. तिथं कळलं, पोटात गाठ आहे आणि सगळीकडे पसरलीय. अकरा दिवसांत ती गेली. त्यातले सहा दिवस शुद्धच नव्हती.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "अहो, आधी कळलं कसं नाही?" मी सांगायचो, लक्षणच दिसलं नाही. आणि माणसं गेली की स्वतःला विचारायचो, तीस वर्षं लोकांचे दोष शोधले, घरातला कसा दिसला नाही. वर्षभर हेच चाललं होतं.

मुजावरकडून घरी आलो. लॅपटॉप उघडला. जोडलंय, इंटरनेट नाही.

मी टेबलाशी बसलो आणि शांतपणे विचार केला. लाईन चांगली. यंत्र चांगलं. दुसऱ्याचं यंत्र ह्या लाईनवर चालतं, हे यंत्र दुसऱ्याच्या लाईनवर चालतं. तरी ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. असं मी माझ्या नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि त्याचं कारण एकच असायचं. एक्स्चेंजमध्ये भिंतभर लोखंडी चौकट असते. प्रत्येक घरातून आलेली तारांची जोडी तिथं येऊन मिळते. कुणाचा फोन बंद करायचा असला तर तार कापत नाहीत. त्या जोडीच्या मध्ये प्लास्टिकची एक बारीक खुंटी सरकवतात. बाहेर खांब उभा, तार ठणठणीत, घरात फोन ठणठणीत, आणि आवाज नाही. नवा लाईनमन दोन दोन दिवस खांबावर चढत-उतरत राहतो. जुना माणूस सरळ एक्स्चेंजमध्ये जातो आणि विचारतो, खुंटी कुणी घातली?

मी कुंपणावरून हाक मारली.

"मॅडम! ह्या रूटरमध्ये खुंटी कुठं घालतात?"

"काय घालतात?" त्या हातातली परडी घेऊनच आल्या. मी समजावून सांगितलं. त्यांनी परडी खाली ठेवली.

"ब्लॉक म्हणताय तुम्ही. करता येतं तसं. एकच लॅपटॉप अडवून ठेवता येतो. पण तुमच्या घरात ते कोण करणार?"

"ते नंतर. बघता येईल का?"

नेटच्या कंपनीचं ॲप असतं. त्यांनी ते माझ्या फोनवर घेतलं. कनेक्शन माझ्या नावावर, त्यामुळे नंबर माझ्याच फोनवर आला. तो घातला आणि आमचं घर उघडलं. घरातल्या वस्तूंची यादी होती. माझा फोन, टीव्ही, मॅडमचा लॅपटॉप. खाली एक वेगळा रकाना होता. अडवलेली उपकरणं, एक.

मॅडमनी वाचलं. "सुलोचना लॅपटॉप. नऊ ऑगस्ट, गेल्या वर्षीची. अडवणारं... पद्मजा." त्यांनी चष्मा वर केला. "कनेक्शन घेताना तिच्याही फोनवर हे ॲप घेतलं असणार. चुकून हात लागला असेल, काका."

"चुकून लागलं तर माझा टीव्ही बंद झाला असता."

"काढू का?"

"थांबा," मी म्हटलं. खुंटी काढायच्या आधी ती कुणाच्या हुकमानं घातली ते विचारायचं असतं. तीही खात्याची शिस्त.

मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "मी येते, काका. भाजी टाकायचीय," असं म्हणून त्या उठल्या. कुठं दाबायचं ते मात्र दाखवून गेल्या.

मी पद्माला फोन लावला.

"अण्णा! जेवलात का?"

"तुझ्या आईचा लॅपटॉप तू अडवलायस."

पलीकडे ऑफिसातला आवाज येत होता. मग दार लावल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"कुणी सांगितलं?"

"मी लाईनमन आहे, पद्मा."

"अण्णा, ऐका ना. मी शनिवारी येतेय. आल्यावर सगळं सांगते. तोवर तो उघडू नका. प्लीज."

"का?"

 

"आईनं सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि खुंटी काढली.

लॅपटॉप लगेच लागला. तिचा मेल उघडाच होता, पासवर्डसुद्धा विचारला नाही. बंगळूरच्या एका दवाखान्याचे सात मेल होते, पहिला एकवीस जुलैचा. माझं इंग्रजी खात्यातलं, पण तीस वर्षं तक्रारींचे कागद इंग्रजीत वाचले होते. जागा, आकार, पसरलंय कुठं कुठं. चौथी पायरी. उपचार केले तर किती महिने, नाही केले तर किती. खाली ओळ होती, रुग्णाशी व मुलीशी चर्चा केली. रुग्णाने उपचारास नकार दिला.

नातवाला ताप आला म्हणून ती गेली होती. मीच तिला गाडीत बसवून दिलं होतं.

मग पद्माला तिनं लिहिलेला एक मेल सापडला. आठ ऑगस्टचा. सुलोचना मराठी टाईप करायला पद्माकडूनच शिकली होती. तो मेल मी इतक्यांदा वाचला की आजही डोळ्यांपुढे आहे.

'पद्मा, लॅपटॉपचं नेट बंद करून टाक. काल ह्यांनी मॅचसाठी उघडला आणि डॉक्टरांचा मेल वरच होता. ह्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता म्हणून निभावलं. मेल काढू नकोस, ते मला लागतात, माझ्या फोनवर मी बघेन. ह्यांना सांगायचं नाही. त्यांना झेपणार नाही. सांगितलं तर खांबापासून सुरू करतील आणि रोज माझ्यात दोष शोधत बसतील. मला हे चार महिने घर पाहिजे, दवाखाना नको. जेवणाची काळजी करू नकोस. गिळवत नाही ते कळू नये म्हणून एकाशन धरलंय असं सांगितलंय. ते खूश आहेत. सगळ्यांना सांगत फिरतात.'

शेवटची दोन वाक्यं वाचली आणि मला घरात एकटं असूनही लाज वाटली. मी मुजावरच्या दुकानात बसून सांगत होतो, दुधवाल्याला थांबवून सांगत होतो, आणि त्या दोघींना ते माहीत होतं. फोनवर बोलत असतील. आज कुणाला सांगितलं त्यांनी?

दिवाळीआधी मी घर रंगवायला काढलं होतं. ती शिडी धरून उभी होती आणि सारखी खाली बसत होती. मी वरून म्हटलं होतं, "अंग चोरतेस हल्ली." ती हसली होती. पुन्हा उठून तिनं शिडी धरली होती.

पद्माचा फोन वाजत होता. पाचव्यांदा मी घेतला.

"वाचलंत?" ती म्हणाली. ती रडत होती.

"चार महिने दहा दिवस, पद्मा. तुम्ही दोघी चार महिने दहा दिवस निरोप घेत होतात. मला अकरा दिवस दिलेत. त्यातले पाच."

"तिला तसंच पाहिजे होतं, अण्णा. तुम्ही नेहमीसारखं ओरडावं, भांडावं. ती म्हणायची, हे घाबरले की घर घाबरतं."

"मी घाबरतो? महापुरात होडीत उभा राहून लाईन ओढलीय मी. माझा जोडीदार माझ्यासमोर खांबावरून पडून मेला, दुसऱ्या दिवशी मी त्याच खांबावर चढलोय. आणि मला झेपणार नाही?"

"मी खूपदा म्हटलं तिला, सांग म्हणून. तिनं शपथ घातली."

"कुणाची?"

"तुमची."



"वर्षभर," मी म्हटलं, "वर्षभर मी तुला फोनवर विचारतोय, मला कसं दिसलं नाही? प्रत्येक वेळी तू काय म्हणायचीस? 'अण्णा, तुमची काय चूक?' एवढंच. तेव्हा तर शपथ घालणारी गेली होती ना? तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी बोलला नसता."

हे मात्र तिनं खरं सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी फोटो उघडले. त्यासाठीच तर सगळी खटपट केली होती. शेवटच्या फोटोंत एक फार सुंदर निघाला. कुठल्यातरी बागेत बाकावर बसलीय, हातात शहाळं आहे, आणि तोंड भरून हसतेय. इतकी मोकळी हसताना मी तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मागे इमारतीवर पाटी होती. मी फोटो मोठा करून पाटी वाचली. दवाखान्याचीच होती. तारीख एकवीस जुलै.

गुरुवारी मी फ्रेमवाल्याला लग्नातला फोटो दिला.

शनिवारी दुपारी पद्मा आली. नातवाला आणि जावयाला मागे ठेवून एकटीच आली. पाया पडली. मी "बरी आहेस ना?" म्हटलं. तिला वाटलं असेल आता मी बोलेन. मी तिची पिशवी आत नेऊन ठेवली. सूर्य मावळायच्या आत आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. भाकरी, वांग्याचं भरीत. तिनं भरीत दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "आईसारखं झालंय." मी पाणी प्यायलो.

बाहेरच्या खोलीत फ्रेम ठेवली होती. तिनं ती उचलून बघितली.

"अण्णा, तो शहाळ्याचा फोटो का नाही लावला? केवढी छान हसलीय त्यात."

"कुणाकडे बघून हसलीय?"

ती घुटमळली. "माझ्याकडे. मीच काढला होता तो."

"मग तुझ्या घरी लाव."

तिनं फ्रेम जागेवर ठेवली. ऑफिसचं थोडं काम राहिलंय म्हणून टेबलावर आपला लॅपटॉप उघडला. मी आरामखुर्चीत बसलो होतो, हातात फोन होता. ॲपच्या यादीत एक नवीन नाव वर आलं. पद्मजा ऑफिस. नावावर बोट दाबून धरलं की ते विचारतं, अडवायचं का? मी हो म्हटलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "अण्णा, नेट गेलं का?"

"माझ्याकडे आहे."

"टीव्ही?"

"चालू आहे."

"मग हे काय? जोडलंय म्हणतंय आणि... जरा रूटर बंद करून..." बोलता बोलता ती थांबली. तिनं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिली. मीही बघितलं. मग तिनं लॅपटॉप हळूच मिटला आणि उद्याच्या स्वयंपाकाचे डाळ-तांदूळ निवडायला आत गेली.

सहा वर्षं झाली. मधे दोनदा रूटर बदलला. नवा आला की कंपनीचा माणूस तो बसवून जातो, आणि जुनी खुंटी जुन्या रूटरबरोबर जाते. पुढच्या वेळी पद्मा आली आणि तिचं नाव यादीत वर आलं की मी बोट दाबून धरतो. ती दर वर्षी पुण्यस्मरणाला येते, तीन दिवस राहते, माझी औषधं बघते, कपाटं आवरते, आणि तिचं काम फोनच्या नेटवर कसंबसं करते. खिडकीशी जाऊन बसते, तिथं जरा बरी रेंज मिळते. मला कधी विचारत नाही.

तिला झेपतं.